चुकारा काढणाऱ्या फंक्शनला टेस्ट कशा लिहाव्यात?

तुमचं पायथन फंक्शन लहान आहे: कापसाचे किलो आणि क्विंटलचा भाव घ्यायचा, पूर्ण रुपयांत चुकारा (शेतकऱ्याला मालाचे मिळणारे पैसे) द्यायचा. त्यासाठी दहा टेस्ट लिहाव्यात की एका टेस्टमध्ये फॉर लूप फिरवावा, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करणार नाही. लूपमध्ये पहिला असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते तपासणारी ओळ) फसला की पुढची उदाहरणं तपासलीच जात नाहीत. पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं पॅरामीट्राइझ घ्या, त्यात उदाहरणांची प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट म्हणून चालते.

पॅरामीट्राइझ हा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या वर लिहायची खास ओळ; तो टेस्ट फंक्शनवर लावायचा. त्याला आधी 'किलो, भाव, रुपये' अशी नावांची स्ट्रिंग, मग टपलची (कंसात एकत्र लिहिलेल्या आकड्यांची) यादी; एक टपल म्हणजे एक ओळ. हीच नावं टेस्ट फंक्शनच्या कंसात हवीत. एखादं अक्षर चुकलं तर टेस्ट चालण्याआधीच एरर येते. आत असर्ट एकच.

खरी मेहनत ओळी निवडण्यात आहे. भाव 7010 धरा. 100 किलोचे 7010, 0 किलोचे 0, या ओळी सोप्या. आता अर्ध्या रुपयाच्या घ्या: 75 किलोचे होतात 5257.50 आणि 25 किलोचे 1752.50. पट्टीवर (मालाच्या हिशेबाच्या पावतीवर) अर्धा रुपया वर धरत असतील, तर उत्तरं 5258 आणि 1753 यायला हवीत. फंक्शनमध्ये नुसतं राउंड असेल तर 75 ची ओळ पास होते, 25 ची फसते! पायथनचं राउंड बरोबर अर्ध्यावर सम संख्येकडे जातं, म्हणून 1752 मिळतात. कास्तकाराचा रुपया इथेच कापला जातो, तेव्हा या दोन्ही ओळी ठेवाच. इलाज म्हणजे डेसिमल (पायथनचा नेमक्या दशांशाचा प्रकार) आणि राउंड हाफ अप (अर्धा वर धरायचा नियम). डेसिमल मात्र स्ट्रिंगपासून बनवा. फ्लोटपासून (पायथनच्या साध्या दशांश संख्येपासून) बनवला तर 0.1 सुद्धा नेमका 0.1 राहत नाही.

अपेक्षित रुपये कागदावर काढून लिहा. टेस्टमध्ये तेच सूत्र पुन्हा लिहिलं तर सूत्रातली चूक दोन्हीकडे सारखीच येईल आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसेल.

उणे वजनाला व्हॅल्यूएरर (चुकीचा आकडा दिल्याची पायथनची एरर) हवा असेल, तर तो या यादीत कोंबू नका. पायटेस्टच्या रेझेसने (ठरलेली एरर येते का ते तपासणाऱ्या सोयीने) वेगळी टेस्ट करा, नाही तर टेस्टच्या आत इफ-एल्स शिरतात.

ओळींना आयडी (ओळखीचं नाव) द्या, म्हणजे कोणती फसली ते लगेच कळतं आणि पायटेस्टला 'डॅश के' (नावाने टेस्ट निवडायचा पर्याय) देऊन तेवढीच चालवता येते. आयडी रोमन लिपीत ठेवा. देवनागरी आयडी पायटेस्ट युनिकोडच्या आकड्यांत बदलून दाखवतं, ते वाचता येत नाहीत.