मंगळावर जाताना शिदोरी किती आणि कचऱ्याचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी नववीत आहे, तिला मंगळाचं भयंकर वेड. परवा तिने विचारलं की तीन वर्षांचं जेवणखाण, पाणी सगळं इथूनच न्यायचं का आणि मग कचरा, शी-शू वगैरे कुठे टाकायचं? मला काही सांगता आलं नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर: मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिला नक्की सांगा. रॉकेटबद्दल सगळे बोलतात, पण खरं घोडं अडतंय ते इथेच.

जायला सहा ते नऊ महिने लागतात, पण पोचलं की लगेच मागे फिरता येत नाही, कारण पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी एकदा येतात, म्हणून जाऊन-येऊन जवळपास तीन वर्षं धरायची. स्पेस स्टेशनवर पॅकिंगसकट माणशी रोजचं जेवण १.८ किलोच्या आसपास जातं. चार जण, तीन वर्षं, म्हणजे झाले जवळपास ८ टन! मंगळावर गेलेला सगळ्यात जड रोव्हर (तिथे फिरणारी यंत्रगाडी), पर्सिव्हरन्स, तो १ टनाचा आहे, त्यावरून अंदाज करा.

पाण्याचं त्या मानाने बरं चाललंय. माणशी रोज ३.८ लिटर धरलं तर चौघांना तीन वर्षांत साडेसोळा हजार लिटर लागेल, एवढं नेणं शक्यच नाही, म्हणून स्टेशनवर लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं परत शुद्ध करून पितात. आधी ९३-९४ टक्के पाणी परत मिळायचं, मग लघवीतून पाणी काढून उरलेला जो खारट गाळ असतो त्यातूनही पाणी काढायचं मशीन बसवलं आणि २०२३ मध्ये आकडा ९८ वर गेला. चार टक्क्यांनी काय होतंय असं वाटेल, पण या प्रवासात तेवढ्यानेच हजारेक लिटरची तूट तीनशे-साडेतीनशेवर येते.

पण मशीन बिघडलं तर? स्टेशनवर हे झालेलं आहे. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, त्यांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि लघवी टिकवायला घातलेल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडशी जुळून त्याचे कण तयार झाले, मशीन चोंदलं. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक अ‍ॅसिड वापरायला लागले. स्टेशनला सुटे भाग मालवाहू यानातून पाठवता येतात, मंगळाच्या वाटेवर कोण पाठवणार, तिथे तर नुसता निरोप पोचायलाच वीस मिनिटं लागू शकतात. म्हणून मला विचाराल तर मशीन दोन टक्के कमी पाणी देणारं असलं तरी चालेल, पण हाताशी असलेल्या पान्या-पकडीने दुरुस्त होणारं हवं.

आता कचरा. स्टेशनवरचा कचरा, वापरलेले कपडे (तिथे कपडे धुत नाहीत), विष्ठा, सगळं सिग्नस किंवा प्रोग्रेससारख्या रिकाम्या झालेल्या मालवाहू यानात भरतात आणि ते यान वातावरणात शिरून जळून जातं. मंगळाच्या वाटेवर जाळायला वातावरणच नाही. बाहेर ढकलून दिलं तर तो कचरा त्याच वेगाने, त्याच दिशेने, यानासोबतच मंगळाकडे निघणार, आणि त्यात आपल्या आतड्यांतले जंतू! १९६७ च्या अंतराळ करारातलं नववं कलम दुसऱ्या ग्रहांचं घातक प्रदूषण टाळा असं सांगतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण जिथे जीवसृष्टी शोधायला जायचं तिथे आपलेच जंतू सापडले तर सगळं मुसळ केरात. चंद्रावर अपोलोवाल्यांनी मानवी मलमूत्राच्या ९६ पिशव्या सोडल्यात, त्या अजून तिथेच आहेत.

चौघांचा वर्षाचा कचरा दोन हजार किलोच्या वर जातो. नासाच्या एम्स केंद्रात कचरा तापवून दाबून त्यातलं पाणी काढून घ्यायचं आणि उरलेल्याच्या घट्ट लाद्या बनवायच्या, यावर काम झालंय, त्या लाद्या किरणोत्सर्गाला आडोसा म्हणूनही लावता येतील. हीच दिशा बरोबर आहे. जेवणाचं पाकीट बनवतानाच त्याचं पुढे काय होणार हे ठरलेलं असायला हवं.

प्रश्न: मग तिथेच शेती आणि ऑक्सिजन केला तर? (कॉलेज विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: स्टेशनवर पिकवलेला लेट्यूस २०१५ मध्ये खाल्ला, २०२१ मध्ये मिरच्याही खाल्ल्या. साठवणीच्या जेवणातलं सी आणि बी-१ व्हिटॅमिन काही वर्षांत कमी होत जातं, त्यामुळे थोडी ताजी भाजी हवीच, पण पोट भरण्याएवढी शेती अजून खूप लांब आहे. शिवाय मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे घातक क्षार आहेत, ते २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले, त्यामुळे माती धुतल्याशिवाय उपयोग नाही.

ऑक्सिजन मात्र करून दाखवलाय. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी नावाच्या छोट्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम काढला. माणसाला रोज साधारण ८४० ग्रॅम लागतो. मॉक्सी ही नुसती चाचणी होती, तेव्हा कैकपटीने मोठं यंत्र पाठवावं लागेल, आणि इथून माणसं निघण्याआधीच ते तिथे चालू होऊन टाक्या भरलेल्या असायला हव्यात.