विषमुक्त गाव करायचंय? मग उन्हाळ्यातच कामाला लागा

नमस्कार दादा, तुम्ही विचारलंय की सेलूकडच्या तुमच्या गावात काही पोरांनी मिळून फवारणीच्या औषधांचा वापर कमी करायचा उपक्रम काढायचाय, ग्रामसभेत 'विषमुक्त गाव' असा ठराव घ्यायचाय, तर प्लॅनिंग कसं करावं. मी परभणी-हिंगोली पट्ट्यात गटशेतीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ठराव आत्ता नका घेऊ. ठरावाचा फोटो निघतो, पेपरात बातमी येते, आणि जुलैत तुडतुडे (पानातला रस शोषणारी कीड) दिसले की ठरावाला हात वर करणारेच गाडीच्या हँडलला औषधाची पिशवी अडकवून येताना दिसतात. त्यात त्यांची चूक नाही, डोळ्यासमोर पीक जायला लागलं की कोणी कागद बघत बसत नाही. खरा प्रश्न हा आहे की बाटली फोडायची का नाही हे ठरवतंय कोण. जवळपास सगळीकडं ते कृषी सेवा केंद्रावर ठरतं, आणि तेही उधारीवर. ज्याची उधारी डोक्यावर आहे त्याला "हे नको" म्हणता येत नाही. तुमचा सगळा उपक्रम या एका गोष्टीभोवती बांधा, बाकी सापळे-अर्क ही नुसती साधनं आहेत.

सुरुवात एका वहीनं करा. एप्रिल-मे मध्ये बांधावर, विहिरीजवळ, आखाड्यावर पडलेल्या रिकाम्या बाटल्या-पुड्या गोळा करा (हातमोजे घालून, पोरांना उघड्या हातानं उचलू देऊ नका). माणूस काय मारलं ते विसरतो, बाटलीवर लिहिलेलं असतं. वहीत रकाने एवढेच: पीक, औषधाचं नाव, पंपाला किती टाकलं, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग (विष किती जहाल ते सांगणारा), आणि शेवटचा रकाना 'कोणी सांगितलं'. हा शेवटचा रकाना भरला की बैठकीत तुम्हाला वेगळं भाषण करायची गरज राहत नाही.

त्रिकोणाचं बहुतेकांना माहीत असतं पण परत सांगतो, लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असं उतरत्या क्रमानं. पहिल्या वर्षी टार्गेट एकच ठेवा, गावात लाल त्रिकोण येऊ द्यायचा नाही. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ पासूनच बंदी होती आणि २०२३ मध्ये पूर्ण बंदीचा आदेश निघाला, तरी कुणाच्या कोठ्यात जुनं पडलेलं असू शकतं, ते आधी शोधा. आणि हिरवा त्रिकोण म्हणजे गंगाजल नव्हे बरं का, तो रंग फक्त माणसाला लगेच किती बाधतं तेवढंच सांगतो, मधमाश्यांचं आणि विहिरीच्या पाण्याचं त्यात काही नसतं.

आता पीक. सगळ्या पिकांना एकदम हात घालू नका, कापूस धरा, कारण पंप सगळ्यात जास्त तिथंच रिकामे होतात. बीटी बियाणं बहुतेक बीजप्रक्रिया केलेलं येतं, त्यामुळं सुरुवातीचे तीन-चार आठवडे रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारायची गरज सहसा पडत नाही, तरी "एक हात मारून घ्या, पीक हिरवंगार होतं" म्हणून पहिली फवारणी होतेच. त्या फवारणीत ढालकिडे, क्रायसोपा असले किडी खाणारे मित्रकीटक मरतात, आणि सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर पुढं पांढरी माशी उलट वाढते. ही एक फवारणी टळली तरी पहिल्या वर्षाला बरंच झालं म्हणायचं.

यासाठी निरीक्षण लागतं, आणि इथं पोरांपेक्षा बचत गटातल्या बाया जास्त कामाच्या असतात असा माझा अनुभव आहे, कारण त्या तसंही रोज रानात असतात आणि पानाखाली बघतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या प्लॉटमध्ये आडवंतिडवं चालत २० झाडं, प्रत्येकाचं वरचं-मधलं-खालचं असं एकेक पान उलटून बघायचं. तुडतुडे पानामागं सरासरी २-३ च्या वर गेले तरच फवारणीचं बोलायचं. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावायचे, हेक्टरी ५, एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग ३ रात्री आले किंवा फुलं-बोंडं १० टक्के किडलेली दिसली की मग पुढचा निर्णय. सापळ्यातली ल्युर (वासाची गोळी) तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, हे कोणी करत नाही आणि मग "सापळ्यात काहीच येत नाही" म्हणत फिरतात. डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) दिसतील तशा तोडून नष्ट करा. अळी एकदा बोंडात शिरली की वरून टाक्याच्या टाक्या ओतल्या तरी तिच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून हा आकड्यांचा खटाटोप.

हे आकडे मारुतीच्या पारावर एका फळ्यावर खडूनं लिहा. व्हॉट्सॲप ग्रुप पण करा, पण फळा पाहिजेच, कारण ज्याला मोबाईलचं जमत नाही तोही चहाला जाताना वाचतो आणि दुकानात जाऊन म्हणू शकतो की गावात कीड अजून फवारणीच्या पातळीला आली नाही. कृषी खात्याचं क्रॉपसॅप (किडींवर नजर ठेवून सल्ला द्यायचा प्रकल्प) साधारण याच पद्धतीचं आहे, २००८ मध्ये सोयाबीनवर स्पोडोप्टेरा या पानं खाणाऱ्या अळीनं धुमाकूळ घातला त्यानंतर ते सुरू झालं. कृषी सहायकांना आपल्या आकड्यांत सामील करून घ्या, त्यांचं आणि आपलं वेगळं वेगळं नको.

निंबोळी अर्काचं काम जूनमध्येच धरावं लागतं, म्हणून तर शीर्षकात उन्हाळा लिहिला. पिकलेल्या निंबोळ्या पडायला लागल्या की वेचायच्या, गर धुऊन काढायचा, सावलीत वाळवायच्या आणि पोत्यात ठेवायच्या, प्लास्टिकच्या बॅगेत नको, बुरशी धरते. वेचणाऱ्या बायांना किलोमागं रोख पैसे द्या, श्रमदान म्हणू नका. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो भरडा १० लिटर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचा (एकदाच गाळला तर नोझल तुंबतो आणि मग फवारणारा शिव्या आपल्याला देतो), त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी १०० लिटर करायचं. त्याच दिवशी संपवायचा आणि शक्यतो ऊन उतरल्यावर मारायचा, उन्हानं त्याचा गुण जातो. हा अंडी आणि लहान अळ्यांवर, रस शोषणाऱ्या किडींवर चालतो. मोठ्या अळीवर चालत नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर "ह्यानं काय होतंय" म्हणून दुसऱ्याच आठवड्यात गट फुटतो.

बाजारात 'बायो' नावानं बाटल्या विकायलेत त्यांच्यापासून जपून. लेबलवर नोंदणी क्रमांक नाही, त्रिकोण नाही आणि किडी तर तासाभरात मरतात, मग आत काय असेल ते समजून घ्या. ट्रायकोडर्मा, मेटारायझियम या उपयोगी बुरशी आणि हळदवाल्यांना माहीत असलेलं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण) हे परभणीच्या विद्यापीठातून आणा, नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

दुकानदाराला शत्रू करू नका. त्याला पहिल्याच बैठकीला बोलवा आणि सापळे, ल्युर, चिकट सापळे गटाची एकत्र ऑर्डर म्हणून त्याच्याकडूनच घ्या, रोख द्या, पक्कं बिल मागा. पण जुन्या उधारीचं काय हा प्रश्न सुटेपर्यंत काही घरं तुमच्यासोबत येणार नाहीत, त्यांना टोमणे मारू नका.

आणि फवारणारा मजूर. हा माणूस कुठल्याच बैठकीत नसतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० वर माणसं गेली, त्यात मजूर होते, डोक्याएवढ्या कापसात शिरून दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. आपल्याकडं वेगळं काय चाललंय? ड्रममध्ये काठीनं ढवळायचं, नोझल तुंबला तर तोंडानं फुंकायचा आणि त्याच हातानं तंबाखू मळायची. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण किट कोणी घालणार नाही, त्यामुळं निदान एवढं पक्कं करा: औषध मोजताना आणि कालवताना हातमोजे न चुकता, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेलं असतं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या उलट चालायचं नाही, आणि दोन-तीन औषधांचं मिक्सिंग बंद. मजुरी पंपावर न देता दिवसावर द्या, पंपावर दिली की तो घाई करणारच. सीझनच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ॲट्रोपिन (अशा विषबाधेवरचं इंजेक्शन) आहे का विचारून या. कोणाला घाम, लाळ, चक्कर, धूसर दिसणं असलं काही झालं तर कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या. उलटी करायला लावू नका, दूध-तूप पाजू नका.

तणनाशकाला पहिल्या वर्षी हात लावू नका हे माझं मत, काहींना पटणार नाही. ते बंद करायचं म्हणजे खुरपणीला बाया लागतात, त्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. तोडगा नसताना नुसतं बंद म्हणालात तर कापसातलं कमावलेलंही जाईल.

डिसेंबरअखेर कापूस उपटायचा, फरदड (त्याच झाडांवर पाणी देऊन पुढचं पीक) घ्यायची नाही, शेतात शेळ्या-मेंढ्या सोडायच्या आणि पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग बांधावर ठेवायचे नाहीत, नाहीतर बोंडअळी पुढच्या वर्षाला तिथंच थांबते. पण दसरा-दिवाळीनंतर तुमच्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर उपटायला माणसं कुठून आणणार ते आत्ताच ठरवा, ट्रॅक्टरचं श्रेडर (पऱ्हाट्यांचा भुगा करणारं यंत्र) गटात भाड्यानं घेता येतं. सेलू-मानवतला जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने) आहेत, तिथंही सापळे लावायची विनंती गटाच्या लेटरहेडवर द्या, पतंग सरकीतून येतात.

पहिली बैठक रात्री जेवणानंतर ठेवा, आठवडी बाजाराचा दिवस सोडून. आणि तुमच्याकडं कापूस किती, सोयाबीन किती, पाणी कोणाकोणाकडं आहे ते कळवा, मग सापळ्यांचा हिशोब आणि गटाची वर्गणी किती ठेवायची ते सांगतो.