जुन्या मातीच्या भिंतीत स्विचबोर्डचा बॉक्स पक्का कसा बसवायचा?

गावाकडच्या धाब्याच्या घरात वायरमनने सिमेंट भरून बसवलेले बॉक्स सहा महिन्यांत हलायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. त्याला फार बोल लावू नका. विटांच्या भिंतीत जे चालतं तेच त्याने केलं, आणि नवीन असताना मीही तेच करायचो. एका घरी मावशींनी मिक्सरची पिन ओढली, तर पिन, सॉकेट, बॉक्स आणि मागचा नारळाएवढा सिमेंटचा गोळा, सगळंच बाहेर लोंबायला लागलं. गोळ्याला साधा तडासुद्धा नव्हता. सिमेंट पक्कं होतं, त्याने मातीला धरलंच नव्हतं.

अशा भिंतीची पांढरी माती पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, म्हणून भोवती फट पडते. पुढचं काम रोजची पिन ओढणं करतं. स्क्रू धरायला ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी तर मातीत नुसती फिरत राहते.

मेन बंद करून जुना गोळा काढा आणि ते भोक माठासारखं करा: तोंड लहान, पोट मोठं. पहिले दोन इंच बॉक्सच्या मापाने सरळ (बॉक्सची खोली साधारण तेवढीच असते), त्यामागे दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंच पोखरायचं. छन्नी आणि हलका हातोडा पुरे. हॅमर ड्रिल लावलं की हातभर गिलावा पोपड्यासारखा खाली येतो.

आता इंच-दीड इंच जाडीची सागवानी पट्टी घ्या, बॉक्सपेक्षा दोन्हीकडून दोन इंच लांब. तोंडातून ती सरळ जाणार नाही. म्हणून एका बाजूचं पोट जरा जास्त कोरायचं, पट्टी तिरकी आत घालायची आणि मग मधोमध ओढून आणायची. तिची टोकं न कोरलेल्या मातीच्या मागे अडकली पाहिजेत. सगळा जोर इथेच आहे: पिन कितीही ओढली तरी पट्टी भिंतीलाच आतून धरून बसते. वाळवीसाठी पट्टीला आधी डांबर फासा. सागवान नसेल तर बाभूळ चालेल, पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड नको.

भरायला भोकातून निघालेलीच माती चाळून घ्या. तीन भाग मातीला एक भाग भिजवलेला चुना आणि मूठभर गव्हाचा भुसा. भोकाच्या कडांवर पाणी शिंपडा, थोडं थोडं भरत लाकडी ठोकळ्याने दाबत जा. पट्टीमागची भर चार-पाच दिवस वाळू द्या, मग बॉक्स स्क्रूने पट्टीवर आवळा आणि उरलेल्या फटी भरा. घाईत पीओपी भरणारे खूप भेटतील. ओल्या भिंतीत त्याने बॉक्स गंजतो, मी काढलेत तसले.

छन्नी मारताना माती संपून दगड लागला तर मात्र तिथेच थांबा. दगड-मातीच्या भिंतीत बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात, मध्ये नुसती भर असते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती कोसळल्या. एका सॉकेटसाठी तिथला दगड उपसू नये. भिंतीलगतच्या लाकडी खांबावर न कोरता वरूनच बसणारा बॉक्स आणि वायर झाकणारी केसिंगची पट्टी लावा. खरं सांगायचं तर 16 अँपिअरचं सॉकेट मी आता माती चांगली असली तरी खांबावरच घेतो. दिसायला जुनाट, पण हलत नाही.

एक राहिलं. लोखंडी बॉक्सला अर्थिंगची वायर स्क्रूने जोडलीय का ते बघा, आणि वायर आत शिरते त्या भोकाला रबरी बुश, म्हणजे धार झाकणारं रबरी कडं, घाला. तुमचे बॉक्स सहा महिने हलत होते, म्हणजे वायरचं कव्हर धारेवर घासलंच असेल. तेवढा तुकडा बदलल्याशिवाय मेन चालू करू नका.