किती जणांनी डबा पुन्हा मागवला?

तुझा उत्साह मला कमी करायचा नाही. जेवणाच्या डब्यांच्या धंद्याची तुझी कल्पना मनापासून पटली आहे. पण परवा तू ‘चारशे ग्राहक’ म्हणालास, त्यातले पूर्ण पैसे देऊन दुसऱ्यांदा मागवणारे किती? वहीत तेवढेच लिही. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या विद्यार्थ्यांनी पहिला डबा सवलतीत घेतला, ती नुसती ओळख झाली.

खात्यात 6 लाख आहेत आणि आलेली रक्कम धरूनही महिन्याला 75 हजार कमी होतात. म्हणजे पैसे 8 महिने पुरतील. परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात, तेव्हा त्याहूनही कमी. हा आकडा दर सोमवारी भागीदाराला दाखव, घरीही दाखव. माझ्या पहिल्या धंद्यात मी तो लपवला होता. पगार थकले तेव्हा दोन चांगली माणसं एकाच दिवशी गेली. पैशांपेक्षा लपवाछपवीच त्यांना लागली होती, आणि ते मला आजही बोचतं.

आपलं इंदूर 2016च्या स्वच्छ सर्वेक्षणात 25वं होतं, 2017 मध्ये पहिलं आलं. मोठं स्वप्न होतंच, पण रोज सकाळी दारोदार गाडी फिरली, ओला-सुका कचरा वेगळा झाला, तेव्हा ते जमलं. तुझंही जमू शकतं, असं मला खरंच वाटतं.

सोडून गेलेल्या दहा जणांना आजच फोन कर. विकायला नको, फक्त का थांबलात ते विचार. मग रविवारी पोहे खायला ये, वही घेऊन.