आधी रस्ता बघ

पोट्ट्या,

सायकलच्या जागतिक शर्यतीआधी तयारीला कोणती शर्यत बरी, याचा तुझा तक्ता पाहिला. एका बाजूला व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, दुसऱ्या बाजूला क्यूबेक-माँट्रियल, म्हणजे कॅनडातल्या एकेका दिवसाच्या शर्यती, आणि खाली कोण कुठली शर्यत करून जगज्जेता झाला त्याची बेरीज. एक रकाना तेवढा राहिला बे: त्या वर्षीच्या जागतिक शर्यतीचा रस्ता कसा होता?

२०११ ला कोपनहेगनचा रस्ता जवळजवळ सपाट. सपाटीवरचा वेगवान गडी कॅव्हेंडिश; त्याने उन्हाला कंटाळून व्हुएल्टा चौथ्याच टप्प्यावर सोडली, टूर ऑफ ब्रिटन केली आणि कोपनहेगनला शेवटी स्प्रिंट मारून जिंकला. २०२४ ला झुरिकला चढावर चढ. पोगाचार व्हुएल्टाच्या वाटेला गेलाच नाही. दोन आठवडे आधी माँट्रियल जिंकून आला आणि झुरिकही जिंकला. तिथला डोंगर १.८ किलोमीटरचा, पण त्या दिवशी तो सतरा वेळा चढायचा होता. आधी रस्ता, मग शर्यत.

आता तू एवेनेपूलला पुढे करशील. हो, २०२२ ला तो व्हुएल्टा जिंकला आणि दोनच आठवड्यांत वोलोन्गाँगची जागतिक शर्यतही. पण तीन आठवड्यांचे २१ टप्पे अंगात मुरायला ते अंग लागतं. तू परवा ९० किलोमीटरनंतर दोन दिवस जिना धरून उतरत होतास.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या निवड चाचणीआधी सलग तीन रविवार वर्धा रोडवर शर्यती मारल्या, दोन जिंकलो, हार घालून घरी आलो. चाचणी घाटात होती. माझं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, २१ दातांचं; सपाटीवर मस्त, चढाला जड. दुसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलली. नागपुरात चढ आहेच कुठे, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत फिरलो. सेमिनरी हिल्स घरापासून तीन किलोमीटर! सांगणारं कोणी नव्हतं, हेही खरंच आहे. तुला तीही सबब नाही.

तुझ्या चाचणीचा नकाशा मी पाहिलाय, शेवटचे चार किलोमीटर चढ आहे. म्हणून रविवारची वर्धा रोडची शर्यत सोड. बक्षीस मोठं आहे, माहीत आहे. सोड. पहाटे पाचला सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी ये, दोन बाटल्या घेऊन, एकीत मीठ-साखर. दहा फेऱ्या झाल्या की पोहे माझ्याकडून. तर्री मात्र चाचणीनंतर.