अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ग्रामीण काउंटीचा इतिहास काय असतो आणि तिथे लोक कसे राहतात?

दक्षिण केवढी मोठी, सगळ्या काउंट्यांचं एकत्र सांगण्यात अर्थ नाही. मी माँटगोमेरीला राहतो, तिथून दीड-दोन तासांवर अलाबामा राज्यातलीच विल्कॉक्स काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, तिचं सांगतो.

काउंटी १८१९ ची. जमीन काळी, कसदार, म्हणून कापूस आणि कापूस म्हणून गुलाम. (आम्ही मूळचे यवतमाळकडचे, १८६१ नंतर आपल्या कापसाला जो सोन्याचा भाव आला तो याच दक्षिणेतला माल यादवी युद्धात अडकला म्हणून.) नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेलं जीज बेंड नावाचं गाव आहे. १८४५ मध्ये तिथला मळा मार्क पेटवे नावाच्या माणसाकडे आला, त्याने नॉर्थ कॅरोलिनाहून आपले गुलाम अक्षरशः चालवत आणले, आणि आजही गावात अनेकांचं आडनाव पेटवेच.

गुलामी गेली तरी हीच माणसं त्याच जमिनीवर बटईने राबत राहिली. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुली काढली, म्हणजे खेचरं, गाई, नांगर, कणगीतला मका, सगळं उचलून नेलं. तो हिवाळा लोकांनी कसा काढला असेल देव जाणे. पुढे रूझवेल्ट सरकारने जवळपास १० हजार एकर विकत घेतले, घरं बांधली आणि १९४० च्या दशकात कमी व्याजाच्या कर्जावर जमीन याच कुटुंबांना विकली.

माझ्या मते या काउंटीचं मर्म इथेच आहे. १९६५ च्या सुरुवातीला विल्कॉक्समध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त लोक काळे आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. नाव नोंदवायला गेलं की मालक बटईदाराला घराबाहेर काढायचा, पण जीज बेंडवाल्यांना काढणार कोण, जमीन त्यांची स्वतःची! म्हणून तिथले लोक पुढे आले, मार्टिन ल्यूथर किंगही त्या फेब्रुवारीत गावात येऊन गेले. त्याआधी १९६२ मध्येच कॅमडनला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाला जायची फेरी, म्हणजे नदी ओलांडायची बोट, बंद केली होती, समोर दिसणाऱ्या गावाला जायला तासभर वळसा, आणि ती परत सुरू झाली थेट २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं!! नंतर धरणाच्या पाण्यात चांगली जमीन गेली ती वेगळीच.

आताचं लोकजीवन म्हणाल तर रविवारचं चर्च, गाणं आणि गोधड्या. हो, गोधड्याच, जुन्या कामाच्या पँटी, कॉर्डुरॉय, जे असेल ते जोडून शिवलेल्या. १९६६ मध्ये बायकांनी सहकारी संस्था काढली, २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटंसुद्धा निघाली. नाव खूप झालं, पैसा मात्र काउंटीत फारसा दिसत नाही, तरुण पोरं बाहेर जातात, २०२० च्या जनगणनेत सगळी मिळून १०,६०० माणसं उरली. शाळाही वेगळ्याच, सरकारी शाळेत जवळजवळ सगळी काळी मुलं, गोरी मुलं खासगी अकॅडमीत, १९७० पासून हेच चालू आहे.

बघायला जायचं असेल तर ऑक्टोबरात जा, गावभर दोऱ्यांवर गोधड्या टाकतात आणि शिवणाऱ्या बायका स्वतः बोलतात, भाव मात्र करू नका. कॅमडनहून फेरी आहे, २०१९ पासून बॅटरीवर चालते, पण निघण्याआधी चालू आहे ना ते बघून घ्या.