'देअर आर'नंतर 'मोस्ट' का चालत नाही?

प्रश्न असा आहे : 'देअर आर मेनी स्टुडंट्स इन द क्लास' बरोबर, मग 'देअर आर मोस्ट स्टुडंट्स इन द क्लास' चूक का? दोन्ही शब्द संख्याच सांगतात ना? मराठीत तर 'वर्गात बहुतेक मुलं आहेत' बिनदिक्कत चालतं.

इंग्रजीत चूक आहे हे नक्की. पण 'मोस्ट' एकटा नाही. एव्हरी, ईच, ऑल, बोथ हेही त्याच पंगतीतले. चालतात ते अ, सम, मेनी, फ्यू, नो आणि टू-थ्रीसारखे आकडे. भाषाशास्त्रज्ञ गॅरी मिल्सार्क यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात न चालणाऱ्यांना 'स्ट्राँग' आणि चालणाऱ्यांना 'वीक' म्हटलं. नावं रूढ झाली, पण नावाने कारण कळत नाही.

कारणाकडे नेणारी एक कसोटी आहे. एडवर्ड कीनन या भाषाशास्त्रज्ञांनी तिचा बराच पाठपुरावा केला. वाक्य उलटं करून बघायचं. 'तीन डॉक्टर कवी आहेत' आणि 'तीन कवी डॉक्टर आहेत' : माणसं तीच तीन. 'एकही डॉक्टर कवी नाही' हेही उलटवा, काही बिघडत नाही. आता 'बहुतेक डॉक्टर कवी आहेत' उलटवा. 'बहुतेक कवी डॉक्टर आहेत'? हे खरं असतं तर कवींच्या घरच्यांची काळजी मिटली असती! 'तीन'साठी दोन्ही असलेली माणसं मोजली की काम झालं. 'बहुतेक'साठी मुळात डॉक्टर एकूण किती, हे आधी धरावं लागतं.

'देअर'चं वाक्य नेमकं हे धरायला तयार नसतं. अमुक ठिकाणी काय आहे, किती आहे, एवढंच ते नव्याने सांगतं. एका ठरलेल्या गटापैकी किती जण कुठे आहेत, हा त्याचा विषय नाही. म्हणून तिथे 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स आर इन द क्लास' अशी सरळ मांडणी करावी लागते.

'सम'ची गंमत वेगळी. 'सम मँगोज आर रॉटन'मध्ये 'सम'वर जोर दिला की अर्थ होतो 'काही आंबे सडके, बाकीचे चांगले', म्हणजे ठरलेल्या गटापैकी काही. 'देअर आर सम मँगोज इन द बास्केट'मध्ये तो जोर सहसा नसतो. 'सम' घाईत 'स्म'सारखा उच्चारला जातो.

अपवाद दाखवून कुणी भांडेल, म्हणून सांगतो. 'देअर इज एव्हरी चान्स' चालतं, कारण तिथे 'एव्हरी' म्हणजे 'भरपूर'. 'देअर आर बोथ गुड अँड बॅड रीझन्स'मधला 'बोथ' हा संख्यावाचक नव्हेच, तो 'अँड'चा जोडीदार. आणि 'द'ही एरवी इथे चालत नाही, पण 'मदतीला कोण आहे?' यावर 'वेल, देअर इज द वॉचमन' हे नावं मोजून दाखवणं झालं.

आता मराठीचं. आपल्याकडे 'देअर'सारखा भरीचा शब्दच नाही. अस्तित्व सांगायला 'आहे' आणि ठिकाण सांगायलाही 'आहे'. त्यामुळे 'वर्गात बहुतेक मुलं आहेत' हे 'बहुतेक मुलं वर्गात आहेत' असं समजून घेता येतं, आणि तेच वाक्य इंग्रजीत नेताना आपण फसतो. शिवाय आपला 'बहुतेक' म्हणजे 'बहुधा'सुद्धा. दाराबाहेर उभं राहून कुणी हेच वाक्य म्हटलं, तर आत मुलं असावीत असा नुसता अंदाजही असू शकतो.